न्हाणीघर आणि वीज

न्हाणीघर नव्यानें करून घेतांना आपण फरशीचा रंग निवडण्यांत आठवडे घालवितों; परंतु भिंतीच्या आंतून विजेची तार कोठून कोठें जाणार, हा प्रश्न वायरमनवर सोपवून मोकळे होतों. त्यानें एखादा नियम सांगितला तर ती आपणांस उगाच वाढलेल्या खर्चाची बाब वाटते. आज मी या नियमांचा थोडा इतिहास सांगणार आहें. ते कोणा पंडितानें एका बैठकींत रचलेले नाहींत. माणसाचा प्राण घ्यावयास किती थोडी वीज पुरते, हें ज्ञान जसजसें उशिरा हातीं येत गेलें, तसतसे ते घडत गेले.

घरांतील विजेचे अगदीं सुरुवातीचे महत्त्वाचे नियम लंडन येथें १८८२ सालीं प्रसिद्ध झाले. तारायंत्रांच्या व विजेच्या अभियंत्यांच्या संस्थेनें ते तयार केले होते. विजेच्या दिव्यांमुळें लागणाऱ्या आगीचें निवारण, असा त्यांचा मथळाच होता. त्या काळचें भय तें हेंच. तार फाजील तापेल, लांकूडकाम पेट घेईल आणि घर जळून जाईल! त्यावर फ्यूज हा उत्तम उपाय होता. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला कीं फ्यूजची बारीक तार वितळते व वीज तुटते. फ्यूज हा घराचा रखवालदार झाला. पण घरांतील माणसाचें रक्षण त्याच्यानें होत नाहीं, हें समजावयास पुष्कळ वर्षे जावीं लागलीं.

विजेच्या धक्क्यानें माणसें मरतात, हें त्यापूर्वींच दिसून आलें होतें. परंतु तीं कशीं मरतात, याचा उलगडा होत नव्हता. अंगावर भाजल्याची खूणहि कित्येकदां नसे. १८९९ सालीं जिनीव्हा येथील प्रेव्हो आणि बातेली या दोघां संशोधकांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अल्प प्रवाहानेंहि हृदयाची लय बिघडते. त्याचे स्नायु एका तालांत आकुंचन पावण्याऐवजीं नुसते थरथरूं लागतात, रक्त पुढें ढकललें जात नाहीं, आणि कांहीं मिनिटांत सारें संपतें.

येथें थोडें गणित करूं. कोरडी कातडी विजेला कित्येक हजार ओहमचा विरोध करते. अंग भिजलें कीं हा विरोध सुमारें एक हजार ओहमपर्यंत उतरतो. आपल्या घरांत विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. म्हणजे ओल्या देहांतून जवळजवळ पाव अँपियर प्रवाह जाऊं शकतो. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा घेतो तेवढाच. हृदयाची लय बिघडावयास याचा पांचवा हिस्सा, सुमारें पन्नास मिलिअँपियर, एखादा सेकंद वाहिला तरी पुरे. पांच अँपियरच्या फ्यूजला याची दादच नसते. घरांत आणखी एक दिवा लागला, यापलीकडे त्याला कांहीं कळत नाहीं. आणि न्हाणीघरांत माणूस अनवाणी असतो, ओला असतो, कित्येकदां त्याचा एक हात धातूच्या नळावर असतो. जमिनीशीं त्याचा इतका घट्ट संबंध घरांत दुसरीकडे कोठेंहि येत नाहीं.

या जागीं वीज आली ती मुख्यतः कढत पाण्यासाठीं. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यानें १८६८ सालीं गॅसवर पाणी तापविणारें यंत्र काढलें व आइसलंडमधील उष्ण फवाऱ्यांवरून त्याला ‘गीझर’ हें नांव दिलें. पुढें गॅसची जागा विजेनें घेतली तरी नांव तेंच राहिलें. महाराष्ट्रांत त्याआधीं तांब्याचा बंब होता. त्याच्या धुरानें डोळे चुरचुरत, चटका बसे. पण त्याचा विस्तव डोळ्यांना दिसे. गीझरमधील वीज दिसत नाहीं, आणि सारी अडचण तेथेंच आहे.

या अदृश्य शत्रूवर इंग्रजांनीं पहिला उपाय योजिला तो अंतराचा. न्हाणीघरांत हाताशीं स्विच नको. तो छताला बसवावा व खालून दोरी ओढून दिवा लावावा. प्लग तर मुळींच नको. दाढीच्या यंत्रापुरता काय तो अपवाद. पण त्याची वीज एका लहान ट्रान्स्फॉर्मरमधून यावयाची. त्या ट्रान्स्फॉर्मरमुळें पलीकडील तारांचा जमिनीशीं संबंधच राहत नाहीं. त्यामुळें एका तारेला ओला हात लागला तरी प्रवाहाला परतीची वाट मिळत नाहीं.

हा उपाय शहाणपणाचा होता. पण तो सर्वत्र पाळला जात नव्हता. पॅरिसमध्यें ११ मार्च १९७८ रोजीं क्लोद फ्रांस्वा हा फ्रान्सचा अत्यंत लोकप्रिय गायक आपल्या घरीं स्नानाच्या टबांत असतां भिंतीवरील दिव्याला हात लावून मरण पावला. त्याचें वय अवघें ३९ वर्षांचें होतें. धनाची किंवा कीर्तीची ओल्या हाताला ढाल होत नाहीं.

दुसरा मोठा उपाय तोंवर निघाला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनीं बर्कली येथें, स्वखुशीनें पुढें आलेल्या स्त्रीपुरुषांवर प्रयोग करून, किती प्रवाहापर्यंत माणूस धरलेली तार आपण होऊन सोडूं शकतो हें मोजलें. पुरुषांत ही मर्यादा सरासरीनें १६, तर स्त्रियांत साडेदहा मिलिअँपियर निघाली. त्यापुढें मूठ वळते ती सुटत नाहीं. १९६१ सालीं त्यांनीं एक सूक्ष्म पहारेकरी तयार केला. एका तारेनें गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेनें पुरता परत येतो कीं नाहीं, याचा तो वाण्याच्या वहीप्रमाणें क्षणोक्षणीं जमाखर्च ठेवतो. हिशेबांत तूट आली म्हणजे कांहीं प्रवाह भलत्याच वाटेनें, कदाचित् माणसाच्या देहांतून, जमिनींत चालला आहे, हें ओळखून तो वीज तोडतो. अमेरिकेच्या विद्युत्संहितेनें १९७५ सालीं न्हाणीघरांतील प्लगांना असा पहारा आवश्यक ठरविला.

आपल्याकडे यालाच आर.सी.सी.बी. म्हणतात, आणि माणसाच्या रक्षणासाठीं तो तीस मिलिअँपियरचा घेतात. त्यानें धक्का बसावयाचा टळत नाहीं. धक्का प्राणघातक होण्यापूर्वीं वीज तुटते, एवढेंच. म्हणून नियमकर्त्यांनीं अंतराचा जुना नियम टाकून दिला नाहीं. टबाच्या आंतील जागा, त्याच्यावर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतची जागा आणि बाजूची साठ सेंटिमीटर जागा, असे निरनिराळे विभाग आंतरराष्ट्रीय नियमांत आंखलेले आहेत. पाण्याच्या जितकें जवळ, तितकें बंधन कडक.

आतां आपल्या घरांकडे वळूं. बोर्डावर नवें एम.सी.बी. बसविलें कीं आपण निर्धास्त होतों. परंतु एम.सी.बी. हा फ्यूजचाच सुधारलेला वंशज आहे. तो १८८२ सालचें भय निवारतो, न्हाणीघरांतलें नव्हे. दुसरी गोष्ट अर्थिंगची. जुन्या कित्येक घरांत गीझरचें अर्थिंग पाण्याच्या लोखंडी नळालाच जोडलेलें असे. पुढें नळ गंजले, प्लंबरनें प्लॅस्टिकचे घातले, आणि कोणाच्या ध्यानींमनीं नसतां अर्थिंगची वाट तुटली. गीझर पूर्वींप्रमाणेंच पाणी तापवीत राहतो. म्हणून कोणाला शंकाहि येत नाहीं. तिसरी गोष्ट बादलींत सोडावयाच्या रॉडची. पाणी तापलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वीज चालू असतां त्यांत बोट घालण्याची खोड जीवघेणी आहे. आधीं स्विच बंद करावा, प्लग काढावा, आणि मगच पाण्याला हात लावावा.

म्हणून न्हाणीघराचें काम काढलें असतां वायरमनला चार प्रश्न अवश्य विचारावेत. गीझरची अर्थिंगची तार स्वतंत्र असून ती थेट बोर्डाच्या अर्थिंगपर्यंत पोंचते काय? गीझरचा स्विच शॉवरखालीं उभ्या असलेल्या माणसाच्या हाताबाहेर आहे काय? तो स्विच न्यूट्रलवर न बसवितां फेजच्या तारेवरच बसविला आहे काय? आणि बोर्डावर तीस मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. आहे काय? त्यावर चांचणीचें एक लहान बटण असतें. तें अधूनमधून दाबून पाहावें. वीज तुटली तर पहारेकरी जागा आहे असें समजावें.

या चार प्रश्नांच्या मागें जवळजवळ शंभर वर्षांचें संशोधन उभें आहे, आणि त्याची किंमत कित्येक अनोळखी माणसांनीं प्राणानें मोजलेली आहे. तें ज्ञान आज बाजारांत एका लहानशा डबींत विकत मिळतें. फरशीच्या खर्चांतून तेवढे पैसे आधीं बाजूला काढावेत, एवढीच श्रोत्यांस माझी विनंती आहे.