कोयनाकाठ, पहाटे ४.२१

११ डिसेंबर १९६७. सोमवार उजाडायला अजून अवकाश आहे. पाटण तालुक्यात, कोयनानगरजवळच्या एका वाडीत तुम्ही घोंगडी पांघरून निजला आहात. मार्गशीर्षातला चंद्र केव्हाच मावळलाय. घराच्या भिंती घरच्यांनीच रचलेल्या: दगडावर दगड, मध्ये चिखल, वर कौलं.

जमीन गुरगुरते. तुम्ही नुसती कूस बदलता. धरणात पाणी साठू लागल्यापासून हा आवाज अंगवळणी पडलाय. सप्टेंबरात तर चांगला धक्काही बसून गेला. पण आज गुरगुर थांबत नाही. ४ वाजून २१ मिनिटांनी भुई तुम्हाला उचलून आपटते. वासे कडकडतात, कौलं घरंगळतात आणि भिंत आत येते.

कसेबसे बाहेर पडता. तोंडात धूळ, गोठ्यात गुरांचा हंबरडा. ढिगाऱ्याखालून हाक येतेय. तुम्ही नखं फुटेस्तोवर दगड उपसता. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "धरण!" आता डोंगराकडे धावायचं की त्या हाकेपाशी थांबायचं? त्या पहाटे ज्यांना हे ठरवावं लागलं, त्यांच्याविषयी मला बोलायचं आहे.

धरण टिकलं. १०३ मीटर उंच भिंतीला भेगा पडल्या, पण शिवसागराचं पाणी अडलेलंच राहिलं. कराडला कोयना पोटात घेऊन कृष्णा सांगलीकडे रोजच्यासारखीच गेली. वीजगृह बंद पडलं, मुंबईचे दिवे गेले. पुढे धरणाला काँक्रीटची जोड देऊन ते भक्कम केलं. ६.३ तीव्रतेचा हा धक्का भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत पोचला: साठवलेल्या पाण्याचा भार आणि खडकाच्या फटींत शिरलेला पाण्याचा दाब यांनी चेतवलेल्या भूकंपांतला सर्वांत मोठा. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. पुस्तकांत त्यांच्या वाट्याला एवढीच ओळ येते. ती मला पुरत नाही. याच खोऱ्याने आपली शेतं पाण्याखाली दिली होती, तीही दूरच्या शहरांच्या विजेसाठी.

तुम्ही वाचलात, तर तुमची नातवंडं एक दिवस भूकंपग्रस्ताचा दाखला काढायला जातील, सरकारी भरतीच्या अर्जाला जोडायला. काहींच्या घरी त्याच पेटीत प्रकल्पग्रस्ताचा दाखला आधीपासून असेल.