नाभी वर, टाळू खाली : उलटी आसने आणि स्थूल देह

१/ योगवर्गात शीर्षासनाची वेळ आली की स्थूल देहाच्या साधकापुढे बहुधा दोनच वाटा उरतात : कोपऱ्यात बसून पाहणे, किंवा इतरांच्या बरोबरीने मानेवर भार घेणे. योगाच्या इतिहासात मात्र तिसरी वाट आहे.

२/ १५व्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठयोगप्रदीपिके’त शीर्षासन हे नावच नाही. पहिल्या प्रकरणातील १५ आसनांत देह उलटा करणारे एकही नाही. ती क्रिया तिसऱ्या प्रकरणात, विपरीतकरणी मुद्रेच्या रूपाने येते. तिचे लक्षण एवढेच : नाभी वर, टाळू खाली. टाळूतील चंद्रातून पाझरणारे अमृत नाभीतील सूर्य गिळतो, म्हणून दोघांच्या जागा उलटवायच्या, अशी त्यामागची कल्पना.

३/ तीही गुरूकडूनच शिकावी, पहिल्या दिवशी क्षणभर करावी आणि रोज थोडी वाढवावी, असे ग्रंथ सांगतो. या मुद्रेने जठराग्नी प्रदीप्त होतो, म्हणून साधकाने भरपूर आहार घ्यावा, हेही त्यातच आहे.

४/ म्हणून हा ग्रंथ स्थूल देहाविषयी उदार होता असे नाही. हठसिद्धीच्या लक्षणांत तो देहाची कृशता मोजतो. तरुण, वृद्ध, रोगी, दुर्बल अशा सर्वांना अभ्यासाने सिद्धी मिळते, असे म्हणताना स्थूलांचा उल्लेख करत नाही. मेद व कफ अधिक असलेल्यांना तो प्राणायामापूर्वी षट्कर्मे सांगतो. इतरांना त्यांची गरज नाही. म्हणजे दार बंद नाही, पूर्वतयारी वेगळी आहे.

५/ २०व्या शतकात ही चर्चा प्रयोगशाळेत आली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा रक्तदाबावरील परिणाम मोजण्यास आरंभ केला.

६/ १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६च्या ‘लाइट ऑन योगा’तील छायाचित्रांनी लवचीक, घोटीव देह जगापुढे आदर्श म्हणून ठेवला. परंतु त्याच अय्यंगारांनी भिंतीचे दोर, घडीची खुर्ची, घोंगड्या व लोड ही साधनेही योगात रुजवली. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या पुण्यातील संस्थेमुळे ती जगभर पोहोचली.

७/ स्थूल देहाला या साधनांचा उपयोग काय? शीर्षासनात वजन जितके अधिक, तितका मानेवरचा भार अधिक. दोरावर लटकल्यास डोके जमिनीला टेकतच नाही. सर्वांगासनात छाती व पोट गळ्याकडे सरकून श्वास कोंडतो. खांद्यांखाली घोंगड्यांची जाड घडी ठेवल्यास मानेला मोकळीक मिळते, आणि खुर्ची कंबरेचा भार पेलते. कंबरेखाली लोड घेऊन पाय भिंतीला टेकवले, तरी नाभी वर आणि टाळू खाली येतेच.

८/ अट एकच : दोर, खुंटी आणि खुर्ची त्या वजनाला पुरेशी भक्कम हवी, आणि शेजारी जाणता शिक्षक हवा. उच्च रक्तदाब, काचबिंदू वा मानेचे दुखणे असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होतो, मग देह कृश असो वा स्थूल.

९/ भिंतीचा आधार घेणारा साधक ‘खरे’ आसन चुकवतो, हा समज त्यामुळे इतिहासाला धरून नाही. मूळ व्याख्येत देहाचा आकार नाही, आधाराला मनाई नाही. आहे ती केवळ दिशा.