योफी

बायबलच्या हिब्रूतील ‘सौंदर्य’ या अर्थाचे नाम. योद, पे आणि हे या तीन अक्षरांच्या धातूपासून ते बनले असून ‘याफे’ (पुल्लिंगी) व ‘याफा’ (स्त्रीलिंगी) ही त्याच धातूची विशेषणे होत. मुख्य रोख डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात राहेलच्या बांध्याचे व रूपाचे वर्णन ज्या शब्दांत येते, त्याच शब्दांत पुढे तिचा मुलगा योसेफ याचेही येते; म्हणजे हे विशेषण केवळ स्त्रियांसाठी राखीव नाही. फारोच्या स्वप्नातील धष्टपुष्ट गाईंनाही तेच लागते! गीतरत्नात प्रियकर-प्रेयसी एकमेकांना याच शब्दाने संबोधतात.

रूपाविषयीची सावधगिरीही या शब्दाभोवती आढळते. नीतिसूत्रे ३१:३० मध्ये योफी क्षणिक ठरते, तर यहेज्केल २८ मध्ये सोरच्या राजाच्या गर्वाचे ते कारण होते. उपदेशक ३:११ मधील ‘याफे’चा अर्थ मात्र ‘सुंदर’पेक्षा ‘समयोचित’ असा घेणे अधिक सयुक्तिक वाटते. आधुनिक हिब्रूत ‘योफी!’ हा ‘छान!’ अशा अर्थाचा रोजच्या वापरातला उद्गार आहे.