डोंगर चढणाऱ्या वनस्पती

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. रानांतल्या गवतालाही इतिहास असतो, हें सहसा मनांत येत नाहीं. जागच्या जागीं रुजलेली वनस्पति कोठें जाणार, असें आपणांस वाटतें. परंतु दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांत वनस्पतींच्या स्थलांतराचा दोन शतकांचा पुरावा उपलब्ध झाला आहे. आणि जुना पुरावा किती जपून वाचावा लागतो, हेंही त्याच प्रकरणांत दिसून आलें आहे.

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ २३ जून १८०२ रोजीं, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां ह्यास बरोबर घेऊन, चिंबोराझो पर्वत चढला. त्या काळीं हा पर्वत जगांत सर्वांत उंच समजला जाई. हुम्बोल्टास शिखर गांठतां आलें नाहीं. परंतु कोणती वनस्पति किती उंचीवर वाढते, ह्याच्या नोंदी त्यानें अँडीज पर्वतांत ठिकठिकाणीं करून ठेवल्या. पुढें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या चित्रांत त्यानें पर्वताचा उभा छेद दाखवून वनस्पतींचीं नांवें ज्या त्या उंचीवर लिहिलीं. खालीं ताडमाडांचे वर्ग, वर गवत, आणि हिमाच्या कडेला दगडफूल, अशी ती मांडणी होती.

ह्या मांडणीचें कारण उष्णमान होय. साधारणतः हजार मीटर वर गेलें कीं हवा सुमारें सहा अंशांनीं थंड होते, आणि प्रत्येक वनस्पतीस आपापली हवा मानवते. पृथ्वीवरील हवा तापूं लागली, म्हणजे तीच थंडी आणखी वर गेल्यावर मिळते. झाड चालत नाहीं हें खरें. पण त्याचें बीं वाऱ्यानें वर जातें. पूर्वीं जें बीं तेथें गारठून मरे, तें आतां रुजतें. बर्फ मागें हटल्यानें उघडी पडलेली भूमीही त्यास लाभते. अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या वनस्पती डोंगर चढत असतात.

२०१२ सालीं कांहीं संशोधकांनीं चिंबोराझोवर जाऊन हुम्बोल्टच्या चित्राशीं आजची स्थिति ताडून पाहिली. वनस्पती पांचशें मीटरांहून अधिक वर सरकल्या, असा निष्कर्ष त्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केला. परंतु पिएर मोरे ह्या फ्रेंच संशोधकानें सहकाऱ्यांसह हुम्बोल्टचीं मूळ टिपणें व वाळवून ठेवलेले नमुने तपासले. तेव्हां असें आढळलें कीं, अति उंचावरील बहुतेक नमुने चिंबोराझोवरचे नव्हतेच. ते मार्च १८०२ मध्यें अँतिसाना नामक दुसऱ्या ज्वालामुखीवर गोळा केलेले होते. चित्र एका पर्वताचें होतें, पण माहिती अनेक स्थळांची होती. अँतिसानावर जाऊन पुन्हां ताडून पाहतां सरकण्याचें अंतर २१५ ते २६६ मीटर भरलें, आणि तें २०१९ सालीं जाहीर झालें.

आंकडा निम्म्यावर आला, तेव्हां काळजीचें कारण उरलें नाहीं, असें कोणी म्हणेल. तें योग्य नव्हे. अंतर कमी भरलें तरी दिशा वरचीच राहिली. डोंगर जसा वर जातो तसा निमुळता होतो. चढणाऱ्या वनस्पतींस जागा कमी कमी होत जाते, आणि जी आधींच माथ्याजवळ आहे तिला पुढें जाण्यास ठिकाणच नसतें. अशी एखादी वनस्पति नाहींशी झाली तर तिच्यावर जगणारे कीटकही संकटांत येतात.

हुम्बोल्टचें चित्र सुंदर आहे. परंतु वाद मिटला तो त्याच्या साध्या टिपणांनीं, कारण त्यांत स्थळ आणि तारीख होती. आपणही आपल्या परसांतील आंब्यास मोहर कोणत्या तारखेस आला, हें दरवर्षीं वहींत लिहून ठेवावें. गांवाचें नांव आणि साल मात्र अवश्य घालावें. पन्नास वर्षांनंतर ती वही कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.