शिस्त धरणे : एका लाल ठिपक्याचा इतिहास

मराठीतील ‘शिस्त’ हा शब्द फारसीतून आला. आज आपण तो वळण, नियमबद्ध वागणे या अर्थाने वापरतो. परंतु ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे हा त्याचा जुना अर्थ आहे. पोलीस कवायतीच्या मैदानावर तो अद्याप ऐकू येतो. प्रस्तुत लेखाचा विषय या जुन्या अर्थाशी संबंधित असला, तरी शेवटी तो नव्या अर्थापाशीच येऊन पोहोचेल.

पिस्तुलाच्या नेमाची पारंपरिक व्यवस्था साधी आहे. मागे खाच, पुढे माशी, आणि त्यापलीकडे लक्ष्य. या तीन गोष्टी एका रेषेत आणावयाच्या. अडचण अशी की, मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य धूसर होते, आणि लक्ष्य पाहू जाता माशी विरघळते. वयाची चाळिशी उलटलेल्या प्रत्येकास हे दुखणे वाचनाच्या चष्म्यावरून समजेल.

या अडचणीवर तोडगा काढला तो एका दुर्बीण बनविणाऱ्याने. डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली परावर्ती नेमयंत्राचे पेटंट घेतले. भिंगाच्या नाभीवर एक खूण ठेवावी, तिच्यापासून निघणारे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतील. ते तिरप्या काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात शिरले, की ती खूण अनंत अंतरावर, म्हणजे लक्ष्याच्याच पातळीवर तरंगत असल्याचा भास होतो. डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी खूण लक्ष्यावरून फारशी ढळत नाही. १९१८ मध्ये जर्मन लढाऊ विमानांवर आणि दुसऱ्या महायुद्धात बहुतेक सर्व प्रमुख देशांच्या विमानांवर हेच तत्त्व उपयोगात आले. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारा लाल ठिपका बाजारात आणला. पुढे यंत्र इतके लहान झाले की, ते पिस्तुलाच्या स्लाइडवर मावू लागले. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या एम-१७ पिस्तुलावर त्यासाठी जागाच राखून ठेवलेली आहे.

मराठी वाचकास कुतूहल वाटावे असा भाग पुढेच आहे. ग्रब यांचे नाव या पेटंटच्या आधीच पुण्यात पोहोचलेले होते. कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारचे साहाय्य यांतून ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण आणली गेली. अनेक वर्षे ती देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे जाऊन वेध घेतले.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला पाठविण्यात आली. कोडाईकनालची ती वेधशाळा आज बंगळुरूच्या कोरमंगला भागातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या अखत्यारीत आहे. पुण्याची दुर्बीण अशा रीतीने बंगळुरूच्या दप्तरात जमा झाली.

या घटनेकडे मी प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून पाहतो, तेव्हा मला दुर्बिणीपेक्षा आस्थापनेची चिंता वाटते. यंत्र खरेदी झाले, इमारत झाली, उद्घाटने झाली. परंतु यंत्रामागची परंपरा एका व्यक्तीपलीकडे रुजली नाही. अर्थशास्त्रात पूरक वस्तू अशी एक संकल्पना आहे. चहाला साखर, मोटारीला पेट्रोल. दुर्बिणीची पूरक वस्तू म्हणजे वेध घेणाऱ्यांची पुढची पिढी. ती अंदाजपत्रकात मांडली गेली नाही.

नेमयंत्राचीही गोष्ट हीच आहे. ते पिस्तुलावर बसविले म्हणजे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः काम तेथे सुरू होते. स्लाइडवर यंत्रासाठी कोरलेली बैठक असावी लागते, किंवा मागील खाच काढून तिच्या जागी पट्टी बसवावी लागते. स्क्रू नेमून दिलेल्या जोरानेच आवळावे लागतात. कमी आवळले तर प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ढिले होतात, अधिक आवळले तर आटे जातात. त्यानंतर येते झिरोइंग. ठरावीक अंतरावर, हात टेकवून, एकाच बिंदूवर तीन किंवा पाच गोळ्या झाडावयाच्या. एका गोळीवरून काहीही ठरवावयाचे नाही. गोळ्यांच्या समूहाचा मध्य पाहावयाचा. तो जितका सरकलेला असेल तितका ठिपका स्क्रूने सरकवावयाचा, आणि पुन्हा समूह झाडून पडताळा घ्यावयाचा. कोनाच्या एका मिनिटाची दुरुस्ती २५ मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर होते. शिवाय ठिपका नळीच्या वर असल्याने अगदी जवळच्या लक्ष्यावर गोळी ठिपक्याच्या खाली लागते, हेही शिकावे लागते. बॅटरी संपली तर काय, याचे उत्तर म्हणून खाच आणि माशी यांचा सराव सोडता येत नाही. ऑलिंपिकच्या पिस्तूल स्पर्धांत तर आजही उघडे नेमच चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक खाच आणि माशी यांवरच मिळविले.

अर्थात यंत्र ही भांडवली खर्चाची बाब असली, तरी त्याची उपयुक्तता सरावाच्या दारूगोळ्यावर, प्रशिक्षकावर आणि नोंदवहीवर अवलंबून असते. आणि हा सारा महसुली खर्च आहे. काटकसरीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री महसुली खर्चाला लागते, हे सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्यांना सांगावयास नको. एका कार्यालयात मोजमापाची नवी उपकरणे घेण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला होता. त्यातील वार्षिक अंशशोधनाची रक्कम ‘टाळता येण्याजोगी’ म्हणून वगळली गेली. त्या टिपणीवर माझीही सही आहे. दोन वर्षांनी उपकरणे जागेवर होती, चकचकीत होती, आणि त्यांच्या आकड्यांवर कोणाचाच भरवसा नव्हता. झिरो न केलेले नेमयंत्र याहून निराळे नसते. ते चुकीची गोष्ट मोठ्या आत्मविश्वासाने दाखविते.

बंगळुरूला या विषयात स्थान आहे ते केवळ दुर्बिणीमुळे नव्हे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० मध्ये येथे विमान कारखाना काढला. १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स स्थापन झाली. २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्रास खुले झाले, आणि शस्त्रांसाठी दृष्टियंत्रे बनविणाऱ्या खासगी कंपन्याही या शहरात उभ्या राहिल्या. इकडे पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना आणि महूचे इन्फंट्री स्कूल यांनी मिळून ‘अस्मि’ हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल विकसित केले. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले. त्याच्या माथ्यावर नेमयंत्र बसविण्यासाठी पट्टी आहे. ज्या पुण्यातून ग्रब यांची दुर्बीण १९१२ मध्ये गेली, त्याच पुण्यात ग्रब यांच्या तत्त्वावरील यंत्रासाठी जागा असलेले शस्त्र शतकानंतर घडले, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु समाधान पुरेसे नाही. यंत्र देशी की विदेशी, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. तथापि ज्या शिपायाच्या हाती ते जाईल, त्याला वर्षाला किती गोळ्या सरावासाठी मिळतील, त्याच्या पिस्तुलाची झिरोची नोंद कोण ठेवील आणि तो कोण तपासील, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. गर्दीच्या रस्त्यावर चुकलेली गोळी कोणत्या तरी नागरिकाच्या घरात शिरते. तेथे खरेदीची निविदा किती पारदर्शक होती, हे सांगून भागत नाही.

आपल्या पूर्वजांनी नेम आणि नियम यांसाठी एकच शब्द वापरला, यात मला मोठे शहाणपण दिसते. शिस्त एकदा धरून भागत नाही, ती पुन्हापुन्हा पडताळावी लागते. फाइलवर खरेदीची मंजुरी देताना पडताळणीचा खर्चही त्याच पानावर मंजूर व्हावा, एवढीच माझी नम्र सूचना आहे.