१४ ऑक्टोबर की अशोक विजयादशमी?

दरवर्षी वस्तीत हा प्रश्न निघतोच : धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबरला की दसऱ्याला? १९५६ साली दोन्ही एकाच दिवशी आले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा तारीख १४ ऑक्टोबर आणि तिथी अशोक विजयादशमी. पुढच्याच वर्षी दोघांची फारकत झाली. आजही दीक्षाभूमीवर दसऱ्याला जनसागर लोटतो, १४ ऑक्टोबरलाही लोक वंदनेला येतात.

तारीख सूर्याची, तिथी चंद्राची. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. त्यामुळं तिथी साधारण अकरा दिवस अलीकडं सरकते. आपल्या कोल्हापुरात मोहरमचे पंजे कधी उन्हाळ्यात बसतात, कधी पावसाळ्यात; कारण त्या कालगणनेत अधिक महिना धरत नाहीत. आपल्याकडं ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढवतात. २०२२ ला दसरा ५ ऑक्टोबरला होता. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि दसरा थेट २४ ऑक्टोबरवर गेला!

काहीजण म्हणतात, तिथी म्हणजे भटजीचं पंचांग, आपल्याला काय करायचंय? पण तसं नाही. भिक्खूसंघाचा उपोसथ चंद्रावरच चालत आला, आणि वर्षावासही आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. पावसात हिंडताना कोवळी रोपं, बारीक जीवजंतू पायाखाली येतात, म्हणून लोकांनी तक्रार केली आणि वर्षावासाचा नियम झाला. चंद्र पावसाला सोडून गेला असता तर भिक्खू उन्हाळ्यात विहारात बसले असते आणि ऐन पेरणीत रानातून चालले असते. महावग्गात नोंद आहे की राजा बिंबिसाराला वर्षावास पुढं ढकलावासा वाटला. पुढच्या पौर्णिमेला बसाल का, असा निरोप त्यानं भिक्खूंकडं धाडला. भगवंतांनी राजाचं ऐकायची अनुज्ञा दिली. ही अधिक महिन्याच्या वर्षाचीच गोष्ट असावी, असं मला वाटतं.

तेव्हा अधिक महिना हा निव्वळ हिशेबाचा महिना आहे. 'धोंड्याचा' म्हणून जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, कर्ज काढून मानपान करायचा, याला आपल्या घरात काहीच कारण नाही.

१९ वर्षांत असे ७ महिने घातले की चंद्र-सूर्याचा मेळ जवळजवळ बसतो. म्हणून १९७५, १९९४, २०१३ साली दसरा १४ ऑक्टोबरच्या आसपासच आला. पुढचं तसं वर्ष २०३२.