बटाटा उपवासाला चालतो, मग चीज का अडले?

१/
एकादशीला बटाट्याचा कीस निःशंकपणे खाल्ला जातो. त्याच बटाट्यावर चीज पसरून तो ओव्हनमध्ये भाजला, की तो ‘विलायती’ ठरतो. वस्तुतः बटाटा आणि चीज दोन्ही बाहेरूनच आले. मग एकाला फराळाच्या ताटात मान आणि दुसरे उंबरठ्यावर, असे का घडले? उत्तराचा एक धागा जालन्यातून जातो. #थ्रेड

२/
बटाट्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. स्पॅनिशांनी १६व्या शतकाच्या उत्तरार्धात तो युरोपात नेला. ‘बटाटा’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पण मूळच्या कॅरिबियन भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळे! उत्तरेकडील ‘आलू’ही पूर्वी दुसऱ्याच कंदांचे नाव होते.

३/
म्हणून जुने उल्लेख जपून वाचावे लागतात. १७व्या शतकाच्या आरंभी आसफ खानाने इंग्रज वकील थॉमस रो याला दिलेल्या मेजवानीत ‘पोटॅटो’ होते, असे एडवर्ड टेरी लिहितो. तो बटाटा होता की रताळे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

४/
बटाट्याचा खरा प्रसार कंपनी सरकारच्या काळातला. सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८च्या सुमारास, महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले. पुढे तेथील तुरुंगातील चिनी कैद्यांनी बटाटा आणि इतर विलायती भाज्या पिकवल्या.

५/
मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. जालन्यात १८२७ साली छावणी वसली. हैदराबाद कंटिन्जंटची ही छावणी १९०३ पर्यंत टिकली. कुंडलिकेच्या पलीकडे कादराबादची व्यापारी पेठ होती आणि जालन्याच्या बागांतील फळे बाहेरगावी जात. छावणी म्हटली की पाव, भट्टी आणि विलायती भाजीपाल्याची गरज आलीच. युरोपीय खाणे अशा छावण्यांमार्फत गावांच्या वेशीपर्यंत आले. घरात मात्र त्यातले निवडकच शिरले.

६/
बटाटा शिरला, कारण त्याला नवे भांडे लागत नव्हते. चूल तीच, कढई तीच, फोडणीही तीच. शिवाय उपवासाचा निर्बंध मुख्यतः धान्यावर. कंदाला जागा मोकळी होती. मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सारे अमेरिकी कुळाचेच. साबुदाण्याची खिचडी अशी बहुतांशी अमेरिकी ठरते!

७/
चीजची गोष्ट वेगळी. युरोपात दूध साकळवण्यासाठी परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट वापरत. गाय पूज्य मानणाऱ्या घरात ते कसे चालावे? मराठी घरात दुधाची वाट ठरलेली होती : दही, ताक, लोणी, तूप. फाटलेल्या दुधाला मराठीत ‘नासलेले’ म्हणतात. त्या एका शब्दातच निवाडा आहे.

८/
दुसरी अडचण भट्टीची. चुलीचा जाळ खालून लागतो. भट्टीत उष्णता चहूबाजूंनी हवी. हे तंत्र अगदीच अपरिचित नव्हते : कोकणात धोंडस भाजताना झाकणावर निखारे ठेवत, मराठवाड्यात हुरडा आगटीत भाजत. पण पावाची भट्टी घराबाहेरची, आणि ती पेटवणारा हात कोणत्या जातीधर्माचा, हा प्रश्न मोठा.

९/
किती मोठा? दादोबा पांडुरंग आदींनी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा सिद्ध करण्यासाठी सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभा गुप्तपणे चाले. १८६०मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि बहिष्काराच्या भीतीने सभा मोडली. पावाच्या एका तुकड्याची ही किंमत होती.

१०/
२०व्या शतकात हे अडसर एकेक करून हटले. जेम्स क्राफ्टने १९१६ साली प्रक्रिया केलेल्या चीजचे पेटंट घेतले. १९६०च्या सुमारास आणंदच्या अमूलने म्हशीच्या दुधापासून चीज करायला घेतले. सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या रेनेटमुळे शाकाहारी चीज शक्य झाले आणि विजेच्या छोट्या ओव्हनने भट्टी ओट्यावर आणली.

११/
आता जालन्यातल्या घरातही कृती सोपी आहे. बटाट्याच्या चकत्या अर्धवट उकडाव्यात, त्यावर लोणी, मैदा व दुधाचा व्हाइट सॉस आणि किसलेले चीज घालावे, आणि २०० अंशांवर पृष्ठभाग तांबूस होईपर्यंत भाजावे. मिरपुडीऐवजी हिरवी मिरची घातली, तरी कोणी अडवत नाही.

१२/
‘हे आपले नव्हे’ असे म्हणताना पदार्थाचे जन्मस्थान क्वचितच तपासले जाते. जो पदार्थ आपल्या चुलीला, आपल्या नियमांना आणि आपल्या भीतीला धक्का लावत नाही, तो लवकर ‘आपला’ होतो. बटाट्याने धक्का लावला नाही. पाव आणि चीज यांनी लावला. म्हणून त्यांना थांबावे लागले. बाहेरचा पदार्थ ‘आपला’ होण्यास किती काळ लागला हे मोजले, तर त्या समाजाच्या भिंती कुठे होत्या तेही कळते.